वऱ्हाडपांडे साहेबांचं न दिसणारं यान

अदृश्य यान ही कल्पना मूर्खांनी मूर्खांसाठी काढलेली आहे, असं माझं मत मी ग्यारहवीत असताना झालं. आज गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी ते मत जागचं हललेलं नाही. नातू टीव्हीसमोर बसून असले सिनेमे बघतो. कोणीतरी एक बटण दाबतं, डोंगराएवढं यान हवेत विरघळून जातं आणि शत्रूचे सगळे सरदार तोंडं वासून बघत राहतात. नातू म्हणतो, आजी, बघ, गायब झालं. मी म्हणते, झालं ना गायब, मग त्याच्या इंजिनाची गरमी कुठं गेली ते विचार त्या सरदाराला. तो माझ्यावर चिडतो आणि आवाज वाढवतो. मला मात्र अशा वेळी भिलाईतलं सेक्टर दोनचं आमचं क्वार्टर आठवतं, आणि पाठोपाठ वऱ्हाडपांडे साहेब आठवतात. या माणसाला माझ्या आठवणींत एवढी जागा द्यायची माझी मुळीच इच्छा नव्हती. पण ताईची गोष्ट त्यांच्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून नाइलाज आहे.

आमचे बाबा तिथल्या पोलादाच्या कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये होते. कोण ड्युटीवर आला, कोण नाही आला, कोणाचं कार्ड दुसऱ्यानंच पंच केलं, हे पकडणं हे त्यांचं काम. हजारो माणसांमधला एक गैरहजर माणूस ते बसल्या जागी ओळखत, असं लोक सांगायचे. घरी आल्यावर मात्र या हुशारीचा एक कणसुद्धा उरत नसे. साहेब म्हणवणारा कोणीही दिसला की बाबांची मान आपोआप खाली जायची. आमचं घर मूळ अमरावतीकडचं. घरात बोलायचो वऱ्हाडी, दाराबाहेर पडलो की हिंदी. पहाटे भोंगा झाला की आईचा स्टोव्ह फरफरायला लागायचा, मागून कुठूनतरी वॅगनी एकमेकींवर आदळल्याचा आवाज यायचा, आणि त्या दोन आवाजांच्या मध्ये बाबांचं खाकरणं. उन्हाळ्यात अंगणात बाजेवर कुरड्या वाळत असायच्या आणि माठाशेजारी कैरीच्या पन्ह्याचं पातेलं ओल्या फडक्याखाली झाकलेलं असायचं. ताई माझ्याहून मोठी. बी. एससी. झाली होती आणि जवळच्या उतई गावातल्या एका खाजगी शाळेत शिकवायला जायची. सकाळच्या बसने जायची, धुळीने माखून परत यायची, आणि जेवताना त्या पोरांच्या गोष्टी सांगून आम्हाला हसवायची. एरवी ती फार बोलणारी नव्हती. उतईबद्दल विचारलं की मात्र थांबायची नाही.

वऱ्हाडपांडे साहेब आमच्याच रस्त्याच्या टोकाला, मोठ्या क्वार्टरमध्ये राहायचे. हुद्द्याने मोठे, पोटाने त्याहून मोठे. यवतमाळजवळचा हा माणूस, पण पुण्याला दोन वर्षं राहून आला होता, तेव्हापासून ‘मले’ हा शब्द कानावर पडला तरी त्यांना वास आल्यासारखं तोंड व्हायचं. आमच्या मंडळाच्या गणपतीत एका संध्याकाळी साहेब स्वतः लिहिलेली विज्ञानकथा वाचत. हा कार्यक्रम कोणी मागितला नव्हता, पण तो बंद करायची कोणाची छाती नव्हती. बाबा आधीच जाऊन त्यांच्यासाठी हात असलेली खुर्ची मांडायचे, शेजारी स्टुलावर तांब्या-भांडं ठेवायचे, आणि साहेबांनी वाचता वाचता नुसता हात उचलला की उठून पाणी ओतून द्यायचे. एका क्लास वन ऑफिसरला आपण पाणी देतो याचा बाबांना अभिमान होता. मला लाज वाटायची.

त्या वर्षीच्या कथेत असंच एक यान होतं. त्याला एक मुलामा दिलेला, प्रकाश त्याच्यावर आदळायच्या ऐवजी बाजूने वळून पुढे जायचा, म्हणून ते कोणाला दिसायचं नाही. त्यात बसून आपले वीर शत्रूच्या ग्रहावर जाऊन त्याची सगळी गुपितं बघून येतात. मंडपात टाळ्या पडल्या. मी सेक्टरच्या लायब्ररीतली हिंदी विज्ञान मासिकं पाठ होईपर्यंत वाचलेली पोरगी, मला राहवलं नाही. मी उभी राहून विचारलं की प्रकाश बाजूने निघून जातो तर आत येतो कुठून? म्हणजे आतली माणसं आंधळी झाली, त्यांनी गुपितं पाहिली कशी? आणि इंजिन चालतं, माणसं श्वास घेतात, त्याची गरमी तर बाहेर टाकावीच लागेल. नाही टाकली तर वीर आतल्या आत शिजतील. टाकली तर शत्रूला यान शोधायची गरजच नाही, आजूबाजूच्या थंडगार पोकळीत एवढं गरम काय आहे तेवढं बघायचं. साहेब हसले. म्हणाले, “बाळ, विज्ञानकथेला कल्पनाशक्ती लागते. स्वयंपाकघरातली ऊब इथे आणू नये.” यावर मंडप हसला, बाबा सगळ्यांत जोरात हसले आणि घरी आल्यावर मला म्हणाले की मोठ्या माणसाले भर सभेत असं विचारत नसते. भट्ट्यांच्या गावात राहून, रोज संध्याकाळी भट्टीतली तापलेली मळी बाहेर ओतली की अर्धं आभाळ लाल झालेलं बघून, या लोकांना गरमी लपत नाही हे कळू नये, याची मला अजूनही कमाल वाटते.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी विसरले असते. पण थंडीत साहेबांनी बाबांना बोलावून घेतलं आणि आपल्या पुतण्यासाठी ताईला मागणी घातली. पुतण्याचं नाव श्रीकांत. साहेबांच्या सांगण्याप्रमाणे बंगलोरला एका सरकारी ठिकाणी शास्त्रज्ञ होता. कोणत्या ठिकाणी? ते सांगता येत नाही. काम काय? तेही सांगता येत नाही. फार आग्रह केल्यावर साहेबांनी बाबांच्या कानाजवळ तोंड नेऊन सांगितलं की आपल्या कथेत आहे ना, तसलंच काहीतरी प्रत्यक्षात चाललंय, रडारला न दिसणारं. बाबा घरी आले ते तरंगतच. बघायच्या कार्यक्रमाला आईने सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या तळल्या, पोहे केले. श्रीकांत आला, गोरा, केस वळवलेले, बुटांना आरशासारखं पॉलिश. ताईने त्याला विचारलं की तुम्हाला फिजिक्समध्ये काय आवडायचं. त्याने छताकडे पाहिलं आणि म्हणाला, “त्याबद्दल बोलायची आम्हाला परवानगी नाही.” वड्यांबद्दल बोलायची परवानगी असावी, कारण त्या त्याने तीनदा मागून घेतल्या.

मी आईला तेव्हाच म्हटलं की हा बेण्या खोटा आहे. आईने माझ्या पाठीत धपाटा घातला, पण खोटा नाही असं काही ती म्हणाली नाही. साखरपुडा मृग लागायच्या आत करायचं ठरलं. आणि मग बाबांनी ताईची उतईची नोकरी सोडायला लावली. शास्त्रज्ञाची बायको बसमध्ये लोंबकळत खेड्यात जाते हे साहेबांना बरं दिसणार नाही म्हणून. साहेब असं काही बोललेसुद्धा नव्हते. त्यांना काय बरं दिसणार नाही, ते बाबांनी परस्पर ठरवून टाकलं. ताई त्या दिवशी शाळेतून आली, पर्स खुंटीला लावली आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली. जेवताना पोरांची गोष्ट निघाली नाही. त्यानंतर सकाळची बस आमच्या कोपऱ्यावर थांबून हॉर्न द्यायची आणि ताई ओट्याशी पाठ करून उभी राहायची. कंडक्टरला बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

उन्हाळा लागला तशा साहेबांच्या बाई पोरांना घेऊन माहेरी गेल्या. आमच्याकडे अशी रीत होती की कोणी गावाला गेलं की शेजारच्यांनी त्यांची तुळस जगवायची. घराला कुलूप असलं तरी मागचं फाटक नुसतं कडी लावून ठेवायचं, म्हणजे पाणी घालणाऱ्याला जाता येतं. साहेब स्वतः काही तुळशीला पाणी घालणारे नव्हते, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. शिवाय ‘एकटा माणूस’ म्हणून संध्याकाळी आई त्यांना डबा पाठवायची. थोड्याच दिवसांत साहेबांचा निरोप आला की वहिनींच्या हाताला फार चव आहे, जरा जास्त पाठवत जा. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली की एकटा माणूस इतकं खाते कसा. बाबा म्हणाले, मोठी जबाबदारी हाय, भूक लागत असन.

मी तुळशीला पाणी घालायला जायची ते साहेब ड्युटीवर गेल्यावर. पुढच्या दाराला हे एवढं कुलूप. आणि मागच्या खिडकीतला कूलर धडाधडा चालू. नळाला पाईप लावून बारीक धार त्याच्यात सोडलेली, खसच्या टट्ट्या ओल्याचिंब, खाली सांडलेल्या पाण्यावर चिमण्या अंघोळ करून राहिल्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, विसरले असतील. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी उभी असताना मोरीच्या नळीतून साबणाचं फेसाळ पाणी भळभळ बाहेर आलं, चांगल्या वासाच्या साबणाचं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साहेबांनी आपल्या घरातच एक अदृश्य यान बांधलं होतं. बाहेरून कुलूप म्हणजे मुलामा. पण आत जिवंत माणूस असला की त्याला गार ठेवावं लागतं, त्याचं सांडपाणी बाहेर सोडावं लागतं, त्याला खाऊ घालावं लागतं. यान दिसत नसेल तर यानाकडे बघायचंच नाही, ते बाहेर काय टाकतं ते बघायचं. मी रिकामी बादली हातात घेऊन घरी पळत आले.

ताईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला आणि एवढंच विचारलं की खाकरल्याचा आवाज आला का. मी म्हटलं, नाही, पण डबा कोण खातो ते आता कळलं, तुझा शास्त्रज्ञ. संध्याकाळी बाबांच्या कानावर घातलं तर ते आधी माझ्यावर भडकले, मग विचारात पडले, आणि मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी हे आयुष्यात विसरणार नाही. ते हळू आवाजात म्हणाले, “मंदे, गुप्त काम असते ते. लपून राहा लागते त्याईले. आपल्या सेक्टर दोनमध्ये येऊन राहिले श्रीकांतराव, अन् कोणाले पत्ता नाही. हे तू कोणाले बोलू नको.” म्हणजे पोरगा दिसत नव्हता तेव्हा तो शास्त्रज्ञ होता, आणि कुलपाच्या आत सापडला तेव्हा तर तो आणखी मोठा शास्त्रज्ञ झाला. अशा माणसांपुढे पुरावा ठेवणं म्हणजे डोकं फोडून घेणं. साऱ्या कारखान्याची हजेरी बघणारा माझा बाप, आणि त्याला हे दिसू नये. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, रागाने.

बाबांची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असायची, साहेबांची रविवारी. मंगळवारी सकाळी ताई मला म्हणाली की आज तुळशीला मी येते. ती पुढे गेली, नळाची धार बंद करून आली, आणि घरी येऊन शांतपणे पन्हं गाळत बसली. ऊन चांगलं डोक्यावर आल्यावर तिने बाबांना म्हटलं, “बाबा, साहेबांची तुळस वाळून राहिली. मोठी बादली आमाले उचलत नाही, तुम्ही चला.” साहेबांची तुळस म्हटल्यावर बाबा चपला शोधायला लागले. आम्ही तिघं मागच्या फाटकातून आत गेलो. कूलर चालूच होता, पण टट्ट्या कोरड्या ठाक, आणि आवाज बदललेला, नुसता पत्रा खडखडल्यासारखा. मे महिन्याची भिलाईची लू तो त्या खोलीत ओतून राहिला होता. बाबांनी आमच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं, म्हणजे देशाच्या कामात व्यत्यय नको. ताईने बादली मुद्दाम फरशीवर आदळली.

खिडकीची वरची झडप उघडली. गजांमधून एक हात बाहेर आला, मागोमाग घामाने निथळणारं बनियन आणि एक दाढी वाढलेला चेहरा.

“काका, पाणी गेलं वाटतं, भट्टी झाली इथं. अन् डब्यात आज पातोडी सांगा ना त्यांना,” तो म्हणाला, आणि मग त्याला आम्ही दिसलो.

कूलर खडखडत होता. बाबांनी, काय करावं न सुचून, हात जोडून नमस्कार केला. श्रीकांतनेही गजांच्या आतून नमस्कार केला. ताईने बाबांकडे पाहिलं नाही आणि त्याच्याकडेही पाहिलं नाही. तिने विचारलं, “तुम्ही किती दिवसांपासून इथे आहात?” तो म्हणाला, काकू माहेरी गेल्या त्या दिवसापासून. मग कदाचित गरमीने, कदाचित ताईच्या आवाजाने, तो भडाभडा बोलायला लागला. बंगलोरला तो कधी गेलाच नव्हता. नागपूरला रेडिओच्या दुकानात होता, तिथून काढून टाकलं. काका म्हणाले, लग्न होऊन जाऊ दे, मग कारखान्यात कुठंतरी चिकटवतो, तोवर कोणाला दिसू नको. ताई शेवटपर्यंत ऐकून घेऊन तुळशीजवळ गेली, तिला पाणी घातलं, आणि जाताना नळ सोडून कूलरची धार पुन्हा सुरू करून दिली. मी म्हटलं, कावून दिलं पाणी त्याले? ती म्हणाली, मरून जाईल ना बावळट.

संध्याकाळी साहेब स्वतः आमच्या घरी आले, घाम पुसत. प्रकल्प तूर्त थांबलाय, वरून आदेश आहेत, मुलाच्या मनावर ताण आहे, असं बरंच काही शुद्ध मराठीत बोलले. आणि खरं सांगते, बाबा ऐकता ऐकता पुन्हा मान हलवायला लागले होते. आणखी थोडा वेळ मिळाला असता तर ताई त्या घरात गेली असती. पण आई आतून आली, पीठ भरलेल्या हातानेच. साहेबांसमोर ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. ती म्हणाली, “साहेब, पोरगा दिसला आमाले. नोकरी नाही दिसली. हे राहू द्या आता.” आणि आत जाऊन तिने साहेबांच्या डब्याची आमच्याकडे राहिलेली झाकणी आणून त्यांच्या हातात दिली. साहेब उठले. बाबा फाटकापर्यंत त्यांना सोडायला गेले, त्यांची स्कूटर स्टँडवरून काढून दिली, आणि परत येऊन अंधार पडेपर्यंत अंगणात बसून राहिले. मला त्यांची कीव आली नाही. स्कूटर कावून काढून दिली, एवढंच मनात येत होतं.

शाळा उघडल्या तशी ताई उतईला जाऊन मुख्याध्यापकांना भेटली. तिची जागा अजून कोणी घेतली नव्हती. पुढे तिथेच ती बडी मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका झाली आणि तिथूनच रिटायर झाली. आजही उतईच्या बाजारात तिच्या हाताखाली शिकलेल्या भाजीवाल्या तिच्याकडून पुरते पैसे घेत नाहीत, आणि ती त्यांना रागावते.

गणपतीत पुन्हा साहेबांच्या कथावाचनाची संध्याकाळ आली. मला वाटलं होतं, या वर्षी तोंड दाखवणार नाहीत. पण निलाजरेपणालाही काही लोक हुद्दा समजतात. खुर्ची मांडलेली होती. ती बाबांनी मांडली की दुसऱ्या कोणी, मी पाहिलं नाही. तांब्या-भांडंही जागेवर होतं. बाबा नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत, स्टुलाच्या जवळ बसले. साहेबांनी कथा सुरू केली. शत्रूचं अदृश्य यान पृथ्वीवर चालून येतं. कोणाला दिसत नाही, साऱ्या फौजा हतबल. मग एक वयस्क, मोठ्या पोटाचा, अत्यंत ज्ञानी शास्त्रज्ञ उठतो आणि म्हणतो, मित्रहो, यान शोधू नका, उष्णता शोधा, उष्णता कधीही लपत नाही. मंडपात एकदम टाळ्या. शेजारचे काका म्हणाले, वा, काय डोकं आहे माणसाचं. स्वयंपाकघरातली ऊब साहेबांनी एका वर्षात स्वतःच्या नावावर करून टाकली होती. मी उठणार होते, पण माझ्या आधी बायकांच्या बाजूने ताई उभी राहिली. शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचवायचा तिचा आवाज होता, तो तिने लावला.

“साहेब, एक विचारायचं होतं. त्या यानात कूलर होता का?”

लोकांना वाटलं, मास्तरीण बाई शंका विचारून राहिली. दोघं-तिघं हसले, ते नुसते गंमत म्हणून. साहेबांनी कागद सरळ केले, पुन्हा वाकडे केले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून चष्म्यावर आला. मग त्यांनी, वाचता वाचता इतकी वर्षं उचलत आले तसा, बाबांच्या दिशेने हात उचलला.

तांब्या बाबांच्या हाताला लागेल इतका जवळ होता. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले.